गाडी जुनी, इंजिन कोणते?

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येते ती बहुधा काही वर्षांच्या बचतीनंतर आणि कर्जाच्या साठ-सत्तर हप्त्यांचा विचार करून. हप्ते फिटतात, मुले मोठी होतात, गाडीचा रंग थोडा उडतो. पण आजोबांना दवाखान्यात नेणे, धाकट्याची परीक्षा, गावाकडचे लग्न ही सारी कामे तीच छोटी हॅचबॅक करीत असते. अशा दहा-बारा वर्षांच्या गाडीविषयी एके दिवशी गॅरेजमधून निरोप येतो, "साहेब, इंजिन गेले." त्याच दिवशी सल्लेही सुरू होतात. एक म्हणतो, जुने इंजिन बसवून टाका. दुसरा म्हणतो, बसवायचेच तर मोठे बसवा. तिसरा म्हणतो, भंगारात द्या आणि मोकळे व्हा. प्रत्येक सल्ल्यात थोडे तथ्य असते. मात्र हिशेब न मांडता घेतलेला निर्णय 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' या म्हणीची आठवण करून देतो.

मोटारीचे इंजिन बदलण्याचा हा प्रश्न नीट समजून घ्यायचा, तर त्यासाठी चेन्नईइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. या शहराने मोटारी घडविल्या, त्या पुरात बुडालेल्याही पाहिल्या आणि बुडालेल्या मोटारींचे सुटे भाग विकणारी अख्खी पेठ उभी केली.

मोटारींचे शहर

चेन्नईला 'भारताचे डेट्रॉइट' असे म्हटले जाते. शहराच्या दक्षिणेस वंडलूर येथे स्टँडर्ड मोटर कंपनीचा कारखाना होता आणि १९६० च्या दशकात तेथून निघणारी 'स्टँडर्ड हेरल्ड' ही त्या काळी देशात मिळणाऱ्या मोजक्या मोटारींपैकी एक होती. पुढे उदारीकरणानंतर ह्युंदाईने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे कारखाना उभारला. १९९८ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या 'सँट्रो'ने लहान मोटारींच्या बाजारपेठेचे चित्रच पालटले. मरैमलै नगर येथील फोर्डच्या कारखान्यातून २०१० मध्ये 'फिगो' आली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२२ मध्ये चेन्नईतील उत्पादन बंद झाले. कारखाना थांबला, तरी तेथे तयार झालेल्या हजारो गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्यांच्या मालकांच्या दृष्टीने इंजिनाचा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा झाला.

या शहराची दुसरी ओळख पावसाळ्यात होते. ईशान्य मोसमी पाऊस येथे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कोसळतो. डिसेंबर २०१५ च्या आरंभी अतिवृष्टी झाली, चेंबरंबक्कम जलाशयातून पाणी सोडण्यात आले आणि अड्यार नदीने काठावरच्या वस्त्या व्यापल्या. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाच्या पावसाने वेळचेरी, पळ्ळिकरणै हा सखल भाग जलमय झाला. इमारतींच्या तळमजल्यांवर उभ्या असलेल्या मोटारी छतापर्यंत पाण्यात गेल्या. या अनुभवाने लोक इतके सावध झाले की, ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेळचेरीतील रहिवाशांनी आपल्या गाड्या रांगेने उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. मुंबईकरांना २६ जुलै २००५ ची आठवण असेल, तर त्यांना या रांगेचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

इंजिन नेमके जाते कसे?

पाण्यात बुडालेले प्रत्येक इंजिन निकामी होत नाही. बंद अवस्थेत बुडालेली गाडी ओढून नेऊन वेळीच उघडली, पाणी काढले, तेल बदलले, तर इंजिन वाचण्याची शक्यता चांगली असते. खरा घात होतो तो बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याच्या मोहाने, अथवा गुडघाभर पाण्यातून गाडी तशीच दामटल्याने.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. हवा ओढणाऱ्या नळीवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळल्यासारखा अडतो. क्रँक मात्र त्याला ढकलीतच असतो. या ओढाताणीत कनेक्टिंग रॉड वाकतो आणि क्वचित तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. केवळ रॉड वाकला असेल तर इंजिन पुन्हा बांधता येते. ब्लॉकच फुटला तर दुसरे इंजिन शोधण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पूर हे इंजिन जाण्याचे एकमेव कारण नव्हे. फुटलेल्या रेडिएटरकडे दुर्लक्ष झाल्याने तापून हेड वाकणे, तेल संपल्याने बेअरिंग धरणे, टायमिंग बेल्ट वेळेवर न बदलल्याने तो तुटून व्हॉल्व्ह वाकणे, ही नित्याची कारणे आहेत. म्हणून पहिला खर्च निदानाचा असावा. हेड उतरवून, तेलाची टाकी म्हणजे चेंबर खोलून, नेमके काय गेले आहे हे पाहिल्याखेरीज 'इंजिन गेले' हा निकाल मान्य करू नये. केवळ हेडचे काम असताना संपूर्ण इंजिन बदलले गेल्याची उदाहरणे गॅरेजच्या जगात दुर्मीळ नाहीत.

आधी मर्यादा, मग खरेदी

इंजिन निवडण्यापूर्वी खर्चाची कमाल मर्यादा निश्चित करणे आवश्यक आहे. त्यासाठी दोन आकडे पुरेसे होतात. पहिला आकडा म्हणजे त्याच वर्षाची, त्याच बनावटीची, चालू स्थितीतील गाडी बाजारात कितीला मिळते. दुसरा म्हणजे आपली बंद पडलेली गाडी आहे तशी विकल्यास किती येतील. या दोहोंतील फरक हीच इंजिनाच्या कामावर करण्याजोग्या खर्चाची मर्यादा होय.

उदाहरणादाखल, चालू गाडी १,६०,००० रुपयांना मिळत असेल आणि बंद गाडीचे ५०,००० रुपये येत असतील, तर मर्यादा १,१०,००० रुपयांची झाली. त्याहून अधिक खर्च होत असेल, तर बंद गाडी विकून त्या पैशात भर घालणे अधिक शहाणपणाचे. अर्थात स्वतःच्या गाडीचा इतिहास मालकाला ठाऊक असतो, अनोळखी गाडीचा नसतो. म्हणून या मर्यादेत थोडी सवलत धरण्यास हरकत नाही. मात्र ती आधीच ठरवावी, गॅरेजमध्ये उभे राहून नव्हे.

आणखी एक पथ्य असे की, खर्च म्हणजे केवळ इंजिनाची किंमत नव्हे. इंजिन उतरविणे व चढविणे, नवी गॅस्केट, तेल सील, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, माउंटिंगचे रबर, तेल, कूलंट, आवश्यक तर क्लच प्लेट, शिवाय परिवहन कार्यालयातील नोंद व वाहतूक भाडे हे सारे त्यात येते. समजा, इंजिन ३५,००० रुपयांना मिळाले आणि बाकीची कामे तेवढ्याच रकमेची निघाली, तर आश्चर्य वाटू नये. एकूण अंदाजाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम अनपेक्षित कामासाठी बाजूला ठेवणे हितावह ठरते.

चार वाटा

वाहनधारकापुढे साधारणतः चार वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे आपलेच इंजिन बांधून घेणे. लेथवर सिलिंडर बोअर करून किंचित मोठे पिस्टन व नव्या रिंगा बसवितात, क्रँक घासून नवी बेअरिंगे घालतात, हेडला सपाटी देतात. ब्लॉक शाबूत असेल आणि काम करणारा कारागीर विश्वासाचा असेल, तर ही वाट उत्तम. कारण इंजिनाचा क्रमांक तोच राहतो व कागदपत्रांचा प्रश्न उद्भवत नाही. उणीव एवढीच की, काम किती चोख झाले हे पुढच्या काही हजार किलोमीटरनंतरच कळते.

दुसरी वाट म्हणजे कंपनीकडून 'हाफ इंजिन' घेणे. यात ब्लॉक, क्रँक व पिस्टन नवे मिळतात आणि हेड व इतर भाग आपल्या जुन्या इंजिनाचे वापरले जातात. हा मार्ग खात्रीचा, परंतु जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने महाग पडतो.

तिसरी वाट त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे वापरलेले इंजिन आणून बसविण्याची. मर्यादित पैशांत बहुसंख्य वाहनधारक शेवटी याच वाटेने जातात. इंजिन चांगले मिळाले, तर चार-पाच दिवसांत गाडी रस्त्यावर येते.

चौथी वाट सर्वांत मोहक. 'एवीतेवी इंजिन काढतोच आहोत, तर मोठे बसवू' असा तो विचार. तरुण पिढीला तो विशेष भुरळ घालतो. म्हणून तो थोडा तपशिलाने पाहणे इष्ट.

मोठ्या इंजिनाचा मोह

काही मोटारींमध्ये अशी अदलाबदल खरोखर सोपी असते. मारुतीच्या १९९३ मधील 'झेन'चे ९९३ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि 'एस्टीम'चे १,२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन एकाच कुळातील. बाह्य रचना सारखी असल्यामुळे एस्टीमचे इंजिन झेनमध्ये बसविण्याचा प्रयोग हौशी मंडळींत लोकप्रिय झाला. हलक्या गाडीला थोरले इंजिन मिळाल्याने ती चपळ होई. ह्युंदाईच्या पहिल्या सँट्रोतील ९९९ घनसेंटिमीटरचे आणि २००३ च्या 'सँट्रो झिंग'मधील १,०८६ घनसेंटिमीटरचे इंजिनही असेच एका घराण्यातले. नात्यातील इंजिन असेल तर माउंटिंग, गिअरबॉक्स व इतर जोडण्या जुळण्याची शक्यता अधिक, हा या प्रयोगांमागील साधा सिद्धांत होय.

तथापि, नाते दिसते तेवढे जवळचे असतेच असे नाही. फियाटच्या घराण्यातील १,२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन मारुतीची 'स्विफ्ट', फियाटची 'पुंतो', टाटांची 'इंडिका व्हिस्टा' अशा अनेक गाड्यांत आले. लोखंड जवळपास तेच. परंतु टर्बो, माउंटिंग, वायरिंग आणि संगणकीय नियंत्रक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'ई.सी.एम.', प्रत्येक कंपनीचे वेगळे. नव्या गाड्यांत तर चावीतील चिप त्या नियंत्रकाशी जोडलेली असते. चावी ओळखली नाही, तर इंजिन कितीही चांगले असले तरी सुरूच होत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात जे काम पाना-पक्कडने होत असे, त्यासाठी आज वायरिंगचा जाणकार लागतो आणि अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा येथेच.

इंजिन मोठे झाले की उष्णता वाढते. म्हणजे रेडिएटर मोठा हवा. वेग वाढतो, म्हणजे ब्रेक मोठे हवेत. वजन वाढते, म्हणजे पुढची स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर वेगळे हवेत. क्लचही अधिक ताकदीचा लागतो. यांपैकी काहीच न बदलता केवळ इंजिन बदलणे म्हणजे मोटार चालविणाऱ्याचा आणि रस्त्यावरील इतरांचा जीव धोक्यात घालणे होय.

इंधनाचा हिशेबही डोळ्यांआड करता येत नाही. महिन्याला ८०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर ५० लिटर पेट्रोल लागते. मोठ्या इंजिनाने १२ किलोमीटर दिले तर सुमारे ६७ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरला, तर वर्षाला सुमारे वीस हजार रुपयांचा फरक पडतो. इंजिन एकदाच घ्यावे लागते, इंधन रोज.

गाडी आणि इंजिन यांचा मेळ न बसल्यास काय होते, याचा धडा चेन्नईतच मिळाला होता. १९८५ मध्ये वंडलूरच्या कारखान्यातून 'स्टँडर्ड २०००' ही आलिशान मोटार बाजारात आली. बांधणी ब्रिटिश 'रोव्हर'ची, देखणी आणि भारदस्त; पण तिच्या पोटात इंजिन घातले ते जुन्या 'व्हॅनगार्ड' मोटारीच्या वंशातले, दोन लिटरचे. विलायतेत त्या देहाला आठ सिलिंडरचे इंजिनही मिळत असे. किंमत भारी, पेट्रोलचा खर्च अफाट आणि ताकद बेताची, अशा अवस्थेत ती गाडी तीन-चार वर्षांतच बंद पडली. याउलट १९९० च्या दशकाच्या आरंभी हिंदुस्थान मोटर्सने 'ॲम्बॅसडर'मध्ये इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसविले, तेव्हा त्यासोबत पाच गतींचा गिअरबॉक्सही आणला. नव्या इंजिनाच्या जोरावर ही जुनी मोटार आणखी दोन दशके टिकली. कारखान्यालाही जे एकट्या इंजिनावर साधले नाही, ते गल्लीतल्या गॅरेजला साधेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसविण्याचा जुना विचारही आता मागे पडला आहे. एके काळी दोन्ही इंधनांच्या दरांत मोठी तफावत होती आणि टॅक्सीचालक डिझेल इंजिने बसवून घेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ही तफावत उरली ती थोडकीच. टाकीपासून वायरिंगपर्यंत सर्व बदलण्याचा खर्च भरून निघणे त्यामुळे दुरापास्त झाले आहे.

हौसेला मोल नसते हे खरे. पण हौसेला जागा असते. इरुंगाट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची शर्यतीची धावपट्टी १९९० पासून आहे. तत्पूर्वी शोळवरमच्या महायुद्धकालीन विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत. बदल केलेल्या इंजिनांची कसोटी तेथे, नियमांच्या व सुरक्षेच्या चौकटीत होते. शाळेच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीत ती होऊ नये.

पुदुपेटची पेठ

चेन्नईतील एग्मोर स्थानकापासून जवळ, कूवम नदीच्या कडेला पुदुपेट नावाची वस्ती आहे. मुंबईकरांना कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड जसा, तसे चेन्नईकरांना पुदुपेट. जुन्या मोटारी येथे खोलल्या जातात आणि दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स, इंजिने यांच्या राशी दुकानांतून रस्त्यावर आलेल्या दिसतात. नवे सुटे भाग हवे असल्यास माउंट रोडलगतचा जनरल पॅटर्स रोड गाठावा लागतो. इंजिन पुदुपेटमधून आणि गॅस्केट, सील, बेल्ट जनरल पॅटर्स रोडवरून, अशी विभागणी करणारे अनेक जण असतात आणि ती योग्यही आहे. रबराच्या व कागदाच्या वस्तू जुन्या कधीही घेऊ नयेत.

येथे जाताना मेकॅनिक सोबत हवाच. तो काय पाहतो, हे मात्र मालकालाही ठाऊक असावे. तेलाचे झाकण उघडून आतल्या बाजूला ताकासारखा पांढुरका थर दिसला, तर तेलात पाणी मिसळले आहे असे समजावे. क्रँकची पुली पान्याने फिरवून पाहावी. ती अडखळत असेल तर ते इंजिन सोडून द्यावे. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. काळे, तेलकट प्लग झिजलेल्या रिंगांची खूण असतात. शक्य असेल तेथे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती आहे याइतकेच सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाही, हे महत्त्वाचे. एकाच सिलिंडरचा दाब बराच कमी असेल तर काहीतरी बिघडलेले आहे, हे निश्चित.

इंजिन कोणत्या गाडीतून आले, हा प्रश्न आवर्जून विचारावा. मागून धडक बसून निकामी झालेल्या गाडीचे इंजिन बहुधा चांगले निघते. पुरानंतरच्या काही महिन्यांत मात्र बाजारात पुरातलीच इंजिने येऊ लागतात. स्वतःचे बुडालेले इंजिन काढून दुसऱ्याचे बुडालेले इंजिन बसविणे, ही पैशांची सर्वांत वाईट गुंतवणूक ठरेल. ब्लॉकच्या खाचांत साचलेला बारीक गाळ, ॲल्युमिनिअमवरील पांढरी बुरशी आणि वायरिंगच्या जोडांतील हिरवट गंज या खुणा शोधाव्यात.

आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा क्रमांक. तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. घासलेला, खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला, तर किंमत कितीही कमी असो, तेथून निघावे. चोरीचा माल नकळत घेतला तरी पोलिसांच्या चौकशीस घेणाऱ्यालाच तोंड द्यावे लागते.

कागदावरचे इंजिन

गाडीत इंजिन बसले म्हणजे काम संपले, अशी अनेकांची समजूत असते. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा क्रमांक, त्याची घनक्षमता आणि इंधनाचा प्रकार नोंदलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कठोर अर्थ अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, झेनमध्ये एस्टीमचे इंजिन हा हौशी प्रयोग रस्त्यावर कायद्याच्या चौकटीत बसत नाही. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसविणे हा सुरक्षित मार्ग होय. त्यासाठीही परिवहन कार्यालयाकडे आधी अर्ज करावा, आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्रमाणपत्र सादर करून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा. यासाठी विक्रेत्याचे रीतसर बिल, त्यावर इंजिनाचा क्रमांक आणि ज्या गाडीतून इंजिन काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा जवळ असणे आवश्यक आहे. निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द करून घेण्याची जबाबदारी तिच्या मालकावर कायद्यानेच टाकलेली आहे. म्हणून हा कागद मागण्यात संकोच वाटू नये.

प्रदूषणाच्या मानकाकडेही लक्ष द्यावे. चेन्नईत भारत स्टेज-४ ची मानके एप्रिल २०१० मध्ये लागू झाली, तर स्टेज-६ देशभर एप्रिल २०२० पासून. २०१२ च्या गाडीत २००७ च्या गाडीचे इंजिन बसविल्यास ते एक पायरी खालचे ठरते.

महाराष्ट्रातून बदलीवर चेन्नईत गेलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक मुद्दा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि गाडीतील इंजिन यांचे क्रमांक जुळले नाहीत, तर हे काम रखडते. त्यामुळे ही नोंदणी आधी पूर्ण करून मगच इंजिनाला हात घालणे सोयीचे.

पंधरा वर्षांची मुदत जवळ आली असेल, तर तेही हिशेबात धरावे. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. चौदाव्या वर्षी इंजिन बदलणाऱ्याने या खर्चाची तरतूद आधीच केलेली बरी.

विमा आणि पैसा

पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक विम्यात येते. तृतीय पक्ष विम्यात येत नाही. परंतु बुडालेली गाडी सुरू केल्यामुळे इंजिनाचे जे नुकसान होते, त्यास विमा कंपन्या बहुधा 'परिणामी हानी' मानतात आणि ते नाकारतात. त्यासाठी 'इंजिन संरक्षण' ही वेगळी जोड घ्यावी लागते. ही जोड साधारणतः गाडीच्या पहिल्या काही वर्षांतच मिळते, म्हणून ज्यांची गाडी नवी आहे त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी तिची चौकशी करावी. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण हानीत काढली जाते. अशा वेळी इंजिन बदलण्याचा विचार करण्यापूर्वी विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल हाती येऊ द्यावा. नवे इंजिन बसविल्यावर त्याचा क्रमांक विमापत्रावर चढवून घेणे विसरू नये. पुढे दावा करावा लागला तर क्रमांकांतील तफावत अडचणीची ठरते.

गाडीवर कर्ज शिल्लक असेल, तर गाडी बँकेकडे तारण असते. इंजिनात बदल करण्यापूर्वी कर्जकरारातील अटी वाचून बँकेची लेखी संमती घ्यावी. भाडेखरेदीच्या बाबतीत तर नोंदणीकृत मालकाची लेखी संमती कायद्यानेच बंधनकारक केली आहे.

खर्चासाठी रक्कम उभी करताना मुदत ठेव मोडण्याची घाई करू नये. ठेवीच्या तारणावर मिळणाऱ्या ओव्हरड्राफ्टचा व्याजदर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज पडते. वैयक्तिक कर्ज त्या मानाने महाग. उदाहरणार्थ, ६०,००० रुपये द.सा.द.शे. १२ दराने दोन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,८२५ रुपये येतो आणि व्याजापोटी सुमारे ७,८०० रुपये जातात. ही रक्कमही इंजिनाच्या किमतीतच मिळवावी, म्हणजे मर्यादेचा हिशेब खरा ठरतो.

लक्षात ठेवण्याजोगे

• निदान आधी, निर्णय नंतर. हेड व चेंबर उघडून पाहिल्याखेरीज इंजिन बदलू नये.
• चालू गाडीची किंमत उणे बंद गाडीची किंमत, ही खर्चाची कमाल मर्यादा.
• त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे आणि किमान त्याच प्रदूषण मानकाचे इंजिन निवडावे.
• पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन घेऊ नये.
• बिलावर इंजिनाचा क्रमांक आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा घ्यावा.
• इंजिन खाली असतानाच टायमिंग बेल्ट, सील, पाण्याचा पंप व क्लच पाहून घ्यावा. पुन्हा मजुरी पडत नाही.
• परिवहन कार्यालय, विमा कंपनी आणि कर्ज असल्यास बँक, तिघांकडे नोंद करावी.

वेळचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्या उभ्या करणाऱ्या कुटुंबांनी ती रात्र घरी निर्धास्तपणे काढली असेल. इंजिन वाचविण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही. पण ज्यांना इंजिन बदलावेच लागते, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. गाडीला साजेसे इंजिन, विश्वासाचा कारागीर आणि पूर्ण कागदपत्रे यांची सांगड घातली, तर दहा वर्षे साथ दिलेली लहानशी गाडी आणखी पाच-सात वर्षे घराच्या उपयोगी पडू शकते. आणि तेवढ्या अवधीत पुढच्या गाडीसाठी थोडी बचतही होऊ शकते.